मिठाच्या वाटेनं

आंबोलीची घाटवाट, १८१५

उन्हाळा सरत आलाय. दगड तापलेत आणि तुमच्या पुढं बैलांची लांबलचक रांग घाट चढतेय. प्रत्येक बैलाच्या पाठीवर दोन्ही अंगांना गोण्या, गोण्यांत कोकणपट्टीच्या मिठागरांतलं खडेमीठ. लमाणांचा तांडा घाईत आहे. वळवाच्या एका सरीत गोणी भिजली तर सगळी मेहनत वाटेवरच विरघळून जाईल. वर आंबोलीच्या पठारावर हिरण्यकेशीचा उगम लागतो. तिच्या सोबतीनं चालत, आजरा मागं टाकून तुम्ही गडहिंग्लजच्या बाजारात उतरता.

इथं अजून गाडीरस्ता नाही. आगगाडी कुणाच्या कानावरही आलेली नाही. समुद्राकाठचा प्रत्येक खडा बैलाच्या पाठीवरून आलाय, म्हणून तो मोजूनमापून घेतला जातो. एक शेतकरी पसाभर जोंधळा देतो, बदल्यात मिळालेलं मीठ धोतराच्या सोग्यात गाठ मारून बांधतो. या माणसाकडं नीट बघून घ्या. हा तुमचा खापरपणजोबा आहे असं समजा. उद्या तो नांगरटीला जाईल आणि दिवसभर उन्हात घाम गाळेल. त्या घामातून हे महागाचं मीठ अंगाबाहेर जाईल.

आता त्याच्या शरीरात उतरा. कण्याच्या दोन्ही बाजूंना मुठीएवढी दोन मूत्रपिंडं आहेत. दिवसभरात ती रक्तातून सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्या द्रवात जवळजवळ दीड किलो मीठ असतं. हे सगळं लघवीवाटे गेलं असतं तर तुमच्या खापरपणजोबांनी एक दिवसही काढला नसता. मूत्रपिंडाच्या बारीक नळ्या त्यातलं ९९ टक्क्यांहून जास्त मीठ पुन्हा रक्तात ओढून घेतात. मिठाबरोबर पाणी येतं, पाण्यानं रक्ताचं आकारमान टिकतं आणि रक्ताचा दाब टिकतो. ज्यांची मूत्रपिंडं मीठ धरून ठेवण्यात जास्त चिवट होती, अशी माणसं दुष्काळ, हगवण आणि उन्हाळे यांतून जास्त तगली असावीत, असं अनेक शास्त्रज्ञांचं अनुमान आहे. तो चिवटपणा घेऊनच तुम्ही जन्माला आला असाल.

टेडिंग्टन आणि तुरीन

रक्ताला दाब असतो हे डोळ्यांनी बघायचं तर इंग्लंडला जावं लागेल. काळ अठराव्या शतकाचा पूर्वार्ध, गाव लंडनजवळचं टेडिंग्टन. तिथले धर्मगुरू स्टीफन हेल्स यांनी एका घोडीला उताणी बांधलंय. कामाला निकामी म्हणून तिला मारायचं आधीच ठरलं होतं. हेल्स तिच्या मांडीच्या धमनीत पितळेची नळी घालतात, तिला नऊ फूट उंचीची काचेची नळी जोडतात आणि धमनीची गाठ सोडतात. तुमच्यासमोर रक्त काचेतून वर चढतं. माणसाची उंची ओलांडून ते हृदयाच्या पातळीपासून ८ फूट ३ इंचांवर जाऊन थांबतं आणि प्रत्येक ठोक्याला खालीवर होत राहतं. हा प्रयोग छापून यायला १७३३ साल उजाडतं.

माणसाच्या धमनीत नळी घालून रोज तपासणी करता येणार नव्हती. इटलीत तुरीनमध्ये १८९६ साली शिपिओने रिवा-रोच्ची सायकलच्या ट्यूबचा पट्टा दंडाला गुंडाळतात आणि पाऱ्याच्या स्तंभावर दाब वाचतात. १९०५ साली रशियन लष्करी डॉक्टर निकोलाय कोरोत्कोव पट्ट्याच्या खाली धमनीवर नळी टेकवून आवाज ऐकायला शिकवतात. आवाज सुरू होतो तो वरचा आकडा, विरतो तो खालचा. त्या दिवसापासून आजतागायत नर्स आणि डॉक्टर हेच आवाज ऐकत आलेत.

गडहिंग्लज ते परळ, १९४९

१ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालंय. गडहिंग्लजमध्ये चावडीवर त्याच गोष्टी चालल्यात. तुम्ही मात्र एका घरात शिरता. माजघरात घोंगड्यावर घरातला कर्ता पुरुष पडलाय. तोंड एका बाजूला ओढलं गेलंय, उजवा हात उचलत नाही. उशाशी बसलेली म्हातारी पदरानं डोळे पुसत म्हणते, "ह्येचा आज्जा असाच ग्येला, बाबी असाच ग्येला. आमच्या घराण्याला लागलेलंच हाय त्ये."

हे वाक्य जवळ ठेवा. पुढचा सगळा प्रवास त्याच वाक्याची शहानिशा करण्यासाठी आहे.

या माणसाला काय देता येईल? त्या काळात जगातल्या सर्वात सामर्थ्यवान माणसालाही फारसं काही देता आलेलं नव्हतं. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ ला मेंदूतल्या रक्तस्रावानं गेले. त्या दिवशी त्यांचा दाब ३०० वर १९० नोंदला गेला होता. ड्यूक विद्यापीठात वॉल्टर केम्पनर रुग्णांना जवळपास मिठाशिवायचा भात आणि फळं यांवर ठेवत होते. काहींचा दाब खरोखर उतरला, पण तसं जेवण महिनोन्‌महिने गिळणं बहुतेकांना झेपत नव्हतं. काही ठिकाणी शस्त्रक्रिया करून मज्जातंतू कापले जात.

आता मुंबईला चला. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. रुस्तम जाल वकील यांची फेरी चालू आहे. चाळिशीही न ओलांडलेला हा हृदयरोगतज्ज्ञ ज्या औषधाच्या मागं आहे, ते तुमच्या ओळखीच्या जंगलातलं आहे. सह्याद्रीच्या रानात वाढणाऱ्या सर्पगंधेच्या मुळीचा उपयोग वैद्य पिढ्यानपिढ्या करत आलेत. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती रक्तदाबावर चालते असं लिहिलं होतं, पण जगाचं लक्ष गेलं नव्हतं. वकील अनेक वर्षं रुग्णांचे आकडे टिपत राहिले. औषधाआधीचा दाब, औषध चालू असतानाचा दाब, औषध थांबवल्यावरचा दाब. त्यांनी ५० रुग्णांचा अनुभव मांडला आणि १९४९ मध्ये तो ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापून आला. मग पाश्चात्त्य देशांचे डोळे उघडले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतून रेसरपीन वेगळं काढलं आणि १९५७ मध्ये वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

रेसरपीनमुळं काहींना खोल उदासी येते हे पुढं लक्षात आलं आणि नवी औषधं आल्यावर ते मागं पडलं. तरीही परळच्या त्या वॉर्डात एक गोष्ट सिद्ध झाली: वाढलेला दाब गोळीनं खाली आणता येतो. घोंगड्यावर पडलेल्या माणसासाठी उशीर झालाय. त्याच्या मुलाला मात्र ही गोष्ट उपयोगी पडणार आहे.

मँचेस्टर आणि लंडन, १९५०चं दशक

म्हातारीचं वाक्य घेऊन तुम्ही एका भांडणाच्या मध्यभागी येऊन बसता. एका बाजूला मँचेस्टरचे रॉबर्ट प्लॅट. ते रुग्णांच्या घराण्यांचे तक्ते पसरतात. बाप, मुलगा, भाऊ. काहींना हा आजार आहे, काहींना नाही. त्यांचा निष्कर्ष असा की यामागं एकच जीन आहे आणि तो आईबापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. ते बोलत असताना तुम्हाला गडहिंग्लजचं ते माजघर आठवतं आणि त्यांचं पटतंही.

दुसऱ्या बाजूला लंडनचे जॉर्ज पिकरिंग. त्यांनी शेकडो लोकांचे दाब मोजून आलेख काढलाय. आजारी आणि निरोगी असे दोन गट त्यात कुठंच दिसत नाहीत. कमी दाबापासून जास्त दाबापर्यंत सलग चढ आहे. पिकरिंग म्हणतात, उंचीसारखं आहे हे. उंच माणसांची मुलं बहुधा उंच होतात, पण 'उंचीचा आजार' कुणाला होत नाही. कितीतरी जीन थोडा थोडा भार टाकतात आणि खाणं, वय, वजन त्यात भर घालतात. १४० च्या खाली निरोगी आणि वर आजारी, ही रेघ माणसानं सोयीसाठी ओढलेली आहे.

हा वाद लॅन्सेटच्या पानांवर वर्षानुवर्षं चालला. निकाल लावायला दोघांकडंही जीन बघण्याचं साधन नव्हतं. डीएनएची रचनाच मुळी १९५३ मध्ये उलगडली.

ब्रुकहेव्हन, १९६२

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरची प्रयोगशाळा. लुइस डाल तुम्हाला पिंजऱ्यांच्या रांगांमधून नेतात. सगळ्या उंदरांना खारट खाणं दिलं जातं. काहींचा दाब भराभर चढतो, काहींचा जागचा हलत नाही. डाल चढणाऱ्यांची जोडी चढणाऱ्यांशीच लावतात, न हलणाऱ्यांची न हलणाऱ्यांशी. काही पिढ्यांतच दोन स्वतंत्र वंश तयार होतात. एका वंशाला मीठ बाधतं, दुसऱ्याला तेवढंच मीठ खाऊन काही होत नाही.

मीठ की आनुवंशिकता, हा प्रश्नच इथं बदलतो. बाधणाऱ्या वंशातल्या उंदरालाही मीठ कमी दिलं तर दाब फारसा चढत नाही. वंशातून येते ती मिठाला बळी पडण्याची वृत्ती; मीठ ताटातून येतं. दोन्ही एकत्र आले की आकडा वर जातो.

मग एक धाडसी प्रयोग. उंदरांच्या मूत्रपिंडांची अदलाबदल. बाधणाऱ्या वंशाचं मूत्रपिंड न बाधणाऱ्या उंदरात बसवलं तर त्याचा दाब चढतो, आणि उलट केलं तर उतरतो. दाब मूत्रपिंडाबरोबर प्रवास करतो. घाटवाटेवर तुम्ही खापरपणजोबांच्या शरीरात उतरला होता ती जागा बरोबर होती.

न्यू हेवन, १९९४

येल विद्यापीठात रिचर्ड लिफ्टन यांच्या टेबलावर घराण्यांचे तक्ते आहेत, अगदी प्लॅट यांच्यासारखे. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई, काळं भरलेलं म्हणजे आजारी. पण लिफ्टन यांनी घराणी वेगळ्या विचारानं निवडलीत. लाखो लोकांमध्ये शेकडो जीनचा कोलाहल चालू असतो. त्यात एकाचा आवाज ऐकू येत नाही. म्हणून त्यांनी अशी दुर्मीळ घराणी शोधली जिथं दाब तरुणपणीच भयंकर चढतो आणि एका जीनचा दोष सगळं काही ठरवतो. अपवाद नीट समजला तर नेहमीची वाटही कळेल, अशी त्यांची धारणा.

पहिला विजय दोन वर्षांपूर्वीचा, १९९२ चा. एका घराण्यात माणसं ऐन तारुण्यात मेंदूतल्या रक्तस्रावानं जात होती. लिफ्टन आणि सहकाऱ्यांना आठव्या गुणसूत्रावर कारण सापडलं. तिथं शेजारी शेजारी दोन जीन आहेत, जवळपास एकसारखे. पुढच्या पिढीसाठी गुणसूत्रांची देवाणघेवाण होताना ते चुकून एकमेकांना चिकटले आणि तिसराच, जोडजीन तयार झाला. त्याचं पुढचं अर्धं अंग ताणाच्या संप्रेरकाचं ऐकतं, मागचं अर्धं अंग अल्डोस्टेरोन बनवतं. मीठ धरून ठेव असा मूत्रपिंडाला हुकूम देणारं संप्रेरक ते हेच. एरवी ते गरजेपुरतं बनतं. या घराण्यात मात्र ते चुकीच्या इशाऱ्यावर बनत राहतं. कारण कळलं तेव्हा उपायही स्पष्ट झाला: ताणाचं संप्रेरक दाबून ठेवणारी साधी स्टेरॉइडची गोळी.

आता टेबलावरचा दुसरा तक्ता बघा. १९६३ मध्ये ग्रँट लिडल यांनी एका घराण्याचं वर्णन केलं होतं. भावंडांचा दाब लहानपणीच चढलेला, रक्तात पोटॅशियम कमी आणि आश्चर्य म्हणजे अल्डोस्टेरोनही कमी. हुकूम देणारं कुणी नाही आणि तरी मूत्रपिंड मीठ सोडायला तयार नाही. लिफ्टन यांच्या गटानं त्याच घराण्याच्या पुढच्या पिढ्यांचा डीएनए तपासला. मूत्रपिंडाच्या नळीच्या शेवटच्या टप्प्यावर पेशींच्या पृष्ठभागावर सोडियम आत घेणारी दारं असतात. काम झालं की पेशी दार पृष्ठभागावरून काढून घेते. ते काढण्यासाठी दाराला एक शेपूट असतं. या घराण्यात ते शेपूटच तुटलेलं होतं. दारं निघत नाहीत, उघडीच राहतात आणि मीठ आत येतच राहतं.

त्याच घराण्यातली पहिली रुग्ण या शोधाआधीच मूत्रपिंड निकामी झाल्यानं आजारी पडली होती. तिला मृत व्यक्तीचं मूत्रपिंड बसवलं आणि तिचा दाब ठिकाणावर आला. डाल यांनी उंदरांमध्ये दाखवलेली गोष्ट माणसात तंतोतंत उतरली. ज्यांना दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवता येत नाही त्यांच्यासाठीही उपाय आहे. अमिलोराइड नावाचं जुनं, स्वस्त औषध नेमकं हेच दार बंद करतं.

पुढच्या वर्षांत लिफ्टन आणि इतरांनी असे अनेक जीन शोधले. काही बिघडले की दाब चढतो, काही बिघडले की तो धोकादायकरीत्या उतरतो. जवळजवळ सगळ्यांचा माग शेवटी एकाच जागी पोचतो: मूत्रपिंड किती मीठ परत ओढतं, तिथं. २००८ मध्ये त्यांच्या गटानं फ्रेमिंगहॅम या अमेरिकन गावात १९४८ पासून चाललेल्या अभ्यासातल्या लोकांचा डीएनए तपासला. मीठ थोडं सैल सोडणाऱ्या जीनची एकच प्रत ज्यांच्याकडं होती त्यांचा दाब इतरांपेक्षा कमी होता. ती माणसं आजारी नव्हती, चारचौघांसारखी जगत होती. दुर्मीळ घराण्यांत सापडलेला नियम साध्या माणसांतही लागू आहे हे त्या दिवशी कळलं.

दहा लाख माणसं, २०१८

आता तुम्ही संगणकाच्या पडद्यासमोर उभे आहात. दहा लाखांहून जास्त लोकांचे दाब आणि डीएनए एकत्र तपासलेत आणि दाबाशी नातं असलेल्या गुणसूत्रांवरच्या जागांची संख्या ९०१ वर गेलीय. त्यांतली एकेक जागा दाब जेमतेम हलवते, बहुतेक वेळा पाऱ्याच्या एका मिलिमीटरहूनही कमी. पिकरिंग जिंकले. पण प्लॅटही पूर्ण हरले नाहीत. लिफ्टन यांची घराणी प्लॅट यांनी सांगितलेल्या नियमानंच चालतात.

पडद्यावरच्या आकड्यांमागच्या माणसांकडं बघा. हे दहा लाख लोक युरोपीय वंशाचे आहेत. हिरण्यकेशीकाठच्या माणसाला हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. त्यासाठी आपल्याकडचं काम हवं आणि ते सुरू झालंय. २०२० मध्ये सुरू झालेल्या जीनोमइंडिया प्रकल्पानं जवळपास १०,००० भारतीयांचे जीनोम वाचले आणि २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांना खुली केली.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकारी १९९० च्या दशकापासून आणखी एक धागा सोडवत आलेत: आईच्या पोटात बाळाचं पोषण कसं झालं, तो. कमी वजनाची जन्मलेली आणि पुढं अंगावर चरबी चढलेली मुलं आठव्या वर्षीच मधुमेह आणि हृदयविकाराच्या वाटेला लागल्याच्या खुणा त्यांच्या गटाला दिसल्या. तेव्हा तुमचा आकडा ठरवण्यात आज्जीच्या डीएनएबरोबर तुमच्या आईच्या गरोदरपणातल्या ताटाचाही हात असू शकतो.

गडहिंग्लज, आजची सकाळ

उपजिल्हा रुग्णालयाच्या बाकावर तुमच्या शेजारी एक मावशी बसल्यात. सिस्टर पट्टा गुंडाळतात तसं त्या सांगायला लागतात, "आमच्या बाला हुतं, थोरल्या दादाला हाय. आमच्यात समद्यांस्नीच हाय बीपी. मग गोळी खाऊन काय हुतंय?"

आता उत्तर तुम्हीच द्या. एवढा लांबचा प्रवास करून तुम्ही ते घेऊन आलाय. मावशींच्या घराण्यात आहे हे खरं आहे. ती आहे मीठ धरून ठेवण्याची वृत्ती, आणि ज्या काळात मीठ घाट चढून यायचं त्या काळात तिनं त्यांच्या पूर्वजांना जगवलं असावं. आज त्याच गडहिंग्लजमध्ये मीठ पिशवीत मिळतं, लोणच्यात, पापडात, खर्ड्यात, शेवेत, फरसाणात मिळतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एका लहान चमच्याहून कमी, असं सांगते. आपल्यापैकी बहुतेकांच्या पोटात त्याहून कितीतरी जास्त जातं. खापरपणजोबांचं मूत्रपिंड आणि आजचं ताट, यांची गाठ पडलीय. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी २४ टक्के आणि बायकांपैकी २१ टक्के लोकांचा दाब वाढलेला किंवा औषधावर असलेला आढळला, त्यात या गाठीचाही हात आहे.

आणि मावशी, गोळीनं होतं. मूत्रपिंडातून मीठ सोडवणारी गोळी, अल्डोस्टेरोनपर्यंत जाणारी साखळी तोडणारी गोळी, धमन्या सैल करणारी गोळी, सगळ्या आज सरकारी दवाखान्यात लिहून मिळतात. आकडा उतरला म्हणून गोळी थांबवायची नाही, कारण तो गोळीमुळं उतरलेला असतो आणि मूत्रपिंड आपली सवय सोडत नाही.

घरी गेल्यावर लिफ्टन यांच्यासारखा तक्ता काढा. शाळेच्या वहीचं एक पान पुरतं. आजी-आजोबा, आई-वडील, आत्या, मामा, भावंडं. कुणाला बीपी, कितव्या वर्षी, कुणाला लकवा, कुणाचं मूत्रपिंड निकामी. कुणाला तिशीच्या आत बीपी निघालं असेल, रक्तात पोटॅशियम कमी सांगितलं असेल किंवा घरात तरुणपणी लकव्यानं कुणी गेलं असेल, तर ते पान डॉक्टरांपुढं ठेवा आणि नेमक्या कारणाच्या तपासण्या विचारा. अशा घराण्यांसाठी नेमकं औषध असतं, हे तुम्ही न्यू हेवनमध्ये पाहिलंय.

मग त्या पानावरच्या प्रत्येक जिवंत माणसाचा दाब मोजून घ्या. मोजण्याआधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही, मिश्री नाही. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीला. एका वाचनावर विसंबायचं नाही, दोनतीन वेळा मोजायचं. डोकं दुखण्याची किंवा चक्कर येण्याची वाट बघू नका. वाढलेला दाब वर्षानुवर्षं काही जाणवू देत नाही आणि १९४९ च्या त्या माजघरात तो पहिल्यांदा जाणवला तेव्हा उजवा हात गेलेला होता. मुलांनाही चाळिशीपर्यंत थांबवू नका. अठरा पूर्ण झालेल्या तुमच्या लेकीचा आणि लेकाचा आकडाही त्याच पानावर, त्यांच्या नावापुढं, तारीख घालून लिहा.